धाकटा मागे बघत होता

१

दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीचच्या ठोक्याला रबरबाई सिनेमा धुवायला जायच्या. ‘धुवायला’ हा त्यांचाच शब्द. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या अंधाऱ्या खोलीत पाण्याचा थेंबही नव्हता. होते दोन मोठे स्क्रीन, एक संगणक, दोन खुर्च्या आणि कपाळावर चष्मा चढवून बसलेली एक तंत्रज्ञ मुलगी. मुलगी आपली बाईंच्या मानाने, कारण तिचीही तिशी उलटून गेली होती.

बाई घरून स्वतःची उशी घेऊन यायच्या. “ही खुर्ची बनवणाऱ्याला एकदा हिच्यावर तासभर बसवायला हवं,” असं म्हणून उशी ठेवायच्या, पाठ ताठ करून बसायच्या आणि मग काम सुरू व्हायचं.

काम होतं सशांच्या सिनेमाचं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, लहान मुलांच्या एका बारक्याशा पुस्तकावरून तो काढला होता. काढला म्हणजे खरोखरच काढला होता, एकेक चित्र हाताने. आई डोंगरापलीकडे कामाला गेलेली, तिला पोचवायची एक चिठ्ठी, आणि ती घेऊन बर्फातून निघालेली सशाची चार भावंडं. गोष्ट एवढीच. पण तिच्यावर दोन पिढ्या वाढल्या. आता मूळ फिल्मची सगळी चित्रं संगणकात घेऊन, त्यावरची धूळ, ओरखडे, केस पुसून नवी प्रत तयार होत होती. रिळं आठ. प्रत्येक रीळ झालं की बाईंनी एका कागदावर सही करायची. कागदावर छापलेलं होतं, ‘चित्रं जशी काढली होती तशीच आहेत.’ ही सही करू शकणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि बाईंना हे पक्कं ठाऊक होतं.

“हा ठिपका?” मुलगी विचारायची.

“केर. काढ.”

“आणि हा?”

“तो मी काढलाय. हात लावशील तर बघ.”

मुलगी हसायची. तिने हा सिनेमा लहानपणी साठेक वेळा पाहिला होता. गोवर आला तेव्हा, आईबाबांची भांडणं व्हायची तेव्हा, परीक्षेच्या आदल्या दिवशी. सगळे संवाद तोंडपाठ. “तुमच्या सशांनी मला वाढवलंय, बाई,” ती एकदा म्हणाली होती. बाईंनी नुसती मान डोलावली. अशी कबुली ऐकायची त्यांना सवय होती, पण कंटाळा मात्र कधी आला नव्हता.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, आणि ते त्या प्रत्येक सत्काराला ऐकवायच्या. “कॅमेऱ्यासमोर माणसं उभी करून केलेल्या सिनेमात माशी आपणहून येऊन बसते. आमच्या सिनेमात तसं होत नाही. आमच्या सिनेमात माशी दिसली तर तिचे सहाच्या सहा पाय कुणीतरी मोजून काढलेले असतात.”

आणि मग दुसरं वाक्य, ज्याने त्यांना रबरबाई हे नाव मिळालं होतं. त्या पर्समधून झिजून बोराएवढं झालेलं एक रबर काढून वर धरायच्या. “पुस्तकात भावंडं पाच होती. पाच जणांची रांग पडद्यावर चालत नाही, लंगडते. मी दिग्दर्शकाला म्हटलं, चौघं पुरेत. आणि पाचवा ह्या रबराने खोडून टाकला.”

यावर टाळ्या हमखास पडायच्या.

२

दुसऱ्या रिळात भावंडं घरातून निघतात. थोरला पुढे, मागे दुसरी, मग तिसरा, मग चौथी. डावीकडून उजवीकडे, पावलाला पाऊल लावून. बाईंनी ही चाल बसवायला सहा आठवडे घेतले होते. आज लोकांच्या लग्नात त्या चालीवर नाचतात म्हणे.

मुलीने चित्र थांबवलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

“बाई, हा कोण?”

चौथीच्या मागे, रांगेपासून दोन पावलं सुटून, एक पाचवा ससा होता. इतर चौघं उजवीकडे चाललेली. हा मात्र प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता. बारका, पाठमोरा, दोन्ही कान सरळ वर.

“मी साठ वेळा पाहिलाय,” मुलगी हळूच म्हणाली. “हा नव्हता.”

 बुद्धी शाबूत असलेल्या माणसाने करावं ते बाई करत होत्या: कारणं शोधत होत्या. दोन चित्रं एकावर एक छापली गेली असतील? पण मग मागचं बर्फ त्याच्यातून दिसलं असतं. स्टुडिओतल्या कुणी चेष्टा केली असेल? पण कॅमेऱ्याखाली जाणारी चित्राची प्रत्येक पारदर्शक शीट बाईंच्या हाताखालून गेली होती. दिग्दर्शकाने गुपचूप घुसडला? त्या भल्या माणसाला, देव त्याचं भलं करो, पट्टी दिली तरी सरळ रेघ येत नसे.

“जरा मोठा कर,” बाई म्हणाल्या. “कान दाखव.”

मुलीने कान मोठा केला. सशाच्या कानाचं टोक येण्याआधीच बाई पेन्सिल उचलायच्या. केसाएवढी जागा रिकामी राहायची आणि बघणाऱ्याची नजर ती आपोआप भरून काढायची. त्यामुळे त्यांचे ससे स्थिर चित्रातही कान हलवल्यासारखे वाटायचे. हे धाडस स्टुडिओत दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. केलं असतं तर बाईंनी त्याचे कान धरले असते.

पाचव्याच्या दोन्ही कानांच्या टोकांशी केसाएवढी जागा रिकामी होती.

रेघ बाईंचीच होती. आणि त्यांना लाज वाटावी असा एक विचार मनात येऊन गेला, की रेघ फार सुरेख आहे.

“केर आहे,” त्या म्हणाल्या. “काढून टाक.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या चित्रांतलं बर्फ उचलून त्याच्यावर घातलं. एकशे बारा चित्रांतून पाचवा गेला. बाईंनी सही केली. सही नेहमीसारखीच आली, फक्त खालची रेघ ओढायची त्या विसरल्या.

३

बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. बहिणीने पस्तीस वर्षं बालवाडीत काढली होती, त्यामुळे ती अजूनही सगळ्यांशी वाकून आणि सावकाश बोलायची. सशांचं पुस्तक मुळात तिचं होतं. लहानपणी तापात पडली असताना तिला कुणीतरी आणून दिलेलं.

“ते पुस्तक कुठाय गं?” त्या दिवशी जेवताना बाईंनी विचारलं.

“आज बरी आठवण झाली! पन्नास वर्षांत हात लावला नाहीस.”

“लावला होता तेव्हा पुरेसा लावला.”

बहिणीने कपाट धुंडाळून पुस्तक आणलं. चोवीस पानं. प्रत्येक पानावर बर्फातून चालणारी भावंडं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तेच एक वाक्य: ‘आणि धाकटा मागे बघत होता.’ पुस्तकाच्या चित्रकाराने त्या धाकट्याला चोवीसही पानांवर पाठमोराच काढला होता. त्याचं तोंड एकाही चित्रात नव्हतं.

“आठवतं? मी रडले होते,” बहीण म्हणाली. “सिनेमाला घेऊन गेलीस आणि धाकटाच नाही. म्हटलं, बरोबर आहे, ताई आहे ना ही, धाकट्याला वगळणारच.”

“पाच जण चालत नाहीत पडद्यावर. लंगडतात.”

“ते तू टाळ्या वाजवणाऱ्यांना सांग.” बहिणीने ताटं उचलली. “तुझ्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली मी रिकामी करायचे, ताई.”

 बहिणीला सगळं माहीत होतं आणि तिने ते अठ्ठेचाळीस वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं.

चाल लंगडत होती म्हणून धाकटा गेला नव्हता. त्याचं तोंड बाईंना जमलं नव्हतं. सिनेमात एखादं पात्र दीड तास पाठमोरं ठेवता येत नाही, कधीतरी त्याला वळवावंच लागतं. तीन महिने त्या वळवत होत्या. दोनशेच्या वर कागद. प्रत्येक वेळी तो वळायचा आणि भलत्याच कुणाचं तरी तोंड घेऊन यायचा. थोरल्याचं, चौथीचं, दुकानातल्या खेळण्याचं. जे चित्र त्यांच्या हाताला जमलं नाही असं आयुष्यात एवढं एकच होतं. अर्धवट काम बाईंनी कधीच कुणाला दाखवलं नव्हतं. ते दोनशे कागदही दिग्दर्शकाने पाहिले नाहीत. एक दिवस त्या ताठ मानेने त्याच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, “चौघं पुरेत.”

४

शुक्रवारी मुलगी दारातच उभी होती.

“मी फाईलला हात लावलेला नाही,” ती म्हणाली. “संगणकात नोंद राहते. मंगळवारी तुम्ही गेल्यावर कुणीच ती उघडली नाही. या, बघा.”

दुसऱ्या रिळात पाचवा परत आला होता. मंगळवारी होता तिथेच, चौथीच्या मागे.

मग त्यांनी तिसरं रीळ लावलं. तिथेही तो होता. पण लहान. दुसऱ्या रिळात तो चौथीच्या खांद्याला लागत होता. तिसऱ्यात तिच्या कमरेएवढा. आणि पाय उचललेला. उभा नव्हता तो, चालत होता. आपल्याकडे पाठ करून, चित्राच्या आत, डोंगराकडे.

मुलीला भीती वाटली की असं व्हायचं: ती मोजमाप सुरू करायची. तिने पुढची चार रिळं भराभर सरकवली, आणि मग एका कागदावर आकडे लिहिले. चौथ्या रिळात तो मुठीएवढा. पाचव्यात अंगठ्याएवढा. सहाव्यात नखाएवढा. सातव्यात डोंगराच्या पायथ्याशी एक करडा ठिपका. त्या ठिपक्यालाही कान होते.

“बाई,” ती म्हणाली आणि तिला एकदम हसू फुटलं, “तो चाललाय! निघून चाललाय. आठव्यात नसेलच तो.”

आठवं रीळ अजून संगणकात घेतलेलं नव्हतं. त्याला अजून दहा-बारा दिवस लागणार होते.

बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्या उशीला टेकल्या. “जाणारच,” त्या म्हणाल्या. “माझ्या रबराची धास्ती घेतलीये त्याने.”

“पण मग ह्या रिळांचं काय करायचं? खोडू?”

खोडू नकोस म्हणणं म्हणजे त्या कागदावर खोटी सही. शिवाय नव्या प्रतीच्या पहिल्या खेळाच्या समारंभात भरलेल्या थिएटरसमोर पाचवा दिसणार, आणि पुढच्या सत्काराला रबर वर धरायची सोय राहणार नाही. खोड म्हणणं म्हणजे काय, ते मात्र बाईंना नीट सांगता आलं नसतं.

“आठवं बघू,” त्या म्हणाल्या. “तिथे नसेल, तर मागचंही आपोआप निवळेल.”

असं का होईल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मुलीनेही विचारलं नाही.

५

रंग जुळवण्यासाठी बाईंनी घरच्या भिंतीवरची फ्रेम उतरवून नेली. त्या सिनेमाची मूळ शीट उरली होती ती एवढीच: पारदर्शक, काचेसारखी, आणि तिच्यावर चौघांची रांग.

मुलीने हातमोजे घातले. ती शीट हातात घेताना तिचे डोळे भरून आले, आणि बाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग मुलीने शीट उलटी केली.

“अरे, इकडून रंग कसा ओबडधोबड आहे!”

“मग? पुढून फक्त शाईची रेघ. रंग मागून भरायचा, म्हणजे ब्रशचे फटकारे पुढून दिसत नाहीत. शीट पालथी घालायची आणि मागच्या बाजूने भरत जायचं. ह्या सशांचा रंग मी कुणाला भरू दिला नाही. एकोणीस हजार शीट.”

“म्हणजे सगळं जग पुढून बघत होतं आणि तुम्ही एकट्या पलीकडच्या बाजूला बसला होतात?”

“चार वर्षं,” बाई म्हणाल्या. त्यांची मान आणखी जरा ताठ झाली. “पलीकडच्या बाजूला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.”

मुलीने शीट काळजीने फ्रेममध्ये ठेवली. त्या शीटवर ससे चारच होते. दोघींनीही ते मोजले, पण एकमेकींना सांगितलं नाही.

६

“ताई, टेबलाचा दिवा चालू ठेवलास का?”

बाईंचं चित्रांचं टेबल मागच्या खोलीत खिडकीखाली होतं. तिरकं, मधोमध जाड दुधी काच, काचेखाली लाकडी खोकं आणि खोक्यात बल्ब. कागदावर कागद ठेवला, की खालून येणाऱ्या उजेडाने खालचं चित्र वर उमटायचं. बारा वर्षं त्यांनी त्या टेबलाला हात लावला नव्हता. हाताला कंप सुटला आणि बाईंनी कंप सुटलेल्या हाताची एकही रेघ जगात ठेवायची नाही असं ठरवलं.

“मी कशाला लावू दिवा?”

“मग मी लावला असेन,” बहीण सावकाश म्हणाली. “वय झालं आता.”

ती विझवायला गेली. बराच वेळ आली नाही. बाई गेल्या तेव्हा ती गुडघ्यांवर बसून खोक्याचं बारकं दार उघडून आत हात घालत होती.

“आत ओल आहे, ताई. हे बघ.” तिचा तळवा ओला होता आणि लाल पडला होता. “गार आहे गं पाणी. बल्ब जळतोय आणि पाणी बर्फासारखं गार.”

“खिडकीतून आलं असेल.”

“बंद आहे खिडकी.”

“मग भिंतीतून आलं असेल. गवंड्याला बोलव.” बाईंचा आवाज चढला. जुन्या घरात ओल येते, जुन्या वायरी आपोआप जुळतात. त्यांनी आयुष्यभर वेडगळ समजुतींची खिल्ली उडवली होती आणि आता बहात्तराव्या वर्षी पक्ष बदलायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी खोक्याचं दार बंद केलं, दिवा विझवला आणि वायरच उपटून ठेवली.

बाहेर जाताना त्यांनी पर्स उघडून पाहिली. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. चावी होती, चष्मा होता, रुमाल होता. रबर नव्हतं.

७

आठवं रीळ ज्या मंगळवारी लागलं, त्या दिवशी मुलीने पेढे आणावेत तसा डबाभर खाऊ आणून ठेवला होता. शेवटच्या प्रसंगात भावंडं डोंगर उतरतात, आई दार उघडते, चिठ्ठी वाचते आणि चौघांना कुशीत घेते. मुलीने एकेक चित्र मोठं करून पाहिलं. डोंगर, पायथा, झाडांच्या मागे, दाराच्या फटीत. दोन तास.

“नाही,” ती म्हणाली. मग ओरडलीच, “नाही! गेला तो, बाई!”

मागच्या रिळांत मात्र तो अजून होता. मुठीएवढा, अंगठ्याएवढा, नखाएवढा, ठिपका. तसाच चालत होता. आपोआप काही निवळलं नव्हतं.

बाईंनी शेवटचं चित्र पुन्हा लावायला सांगितलं. स्क्रीनवर आईच्या कुशीत चौघं होती आणि आईचा डावा हात जरा मोकळाच राहिला होता. तो हात तसाच काढलेला होता. तो त्यांनीच तसा काढला होता, आणि का काढला ते इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

“राहू दे त्याला,” त्या शेवटी म्हणाल्या.

“राहू दे?”

“रेघ माझी आहे. माझ्या हातची रेघ मी दुसऱ्यांदा खोडणार नाही. लोकांना सांगीन, पाचवा होता. मीच काढला होता. सांगायची छाती आहे माझी.” आणि त्यांनी उरलेल्या सगळ्या रिळांच्या कागदांवर लागोपाठ सह्या केल्या, खालच्या रेघेसकट. हात कापला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच कापला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना आपला फार अभिमान वाटला.

मुलगी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आली. उशी तिच्याच हातात होती.

“एक गंमत सांगू? मला आता त्याचं वाईट वाटतंय,” ती म्हणाली. “एवढा एकटा चालत गेला. कुणाकडे गेला असेल हो?”

“कुणाकडे म्हणजे?”

“आपल्याकडे पाठ म्हणजे पलीकडच्या कुणाकडे तरी तोंड असणारच की.”

बाई हसल्या. उशी घेतली. कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरल्या. तिसरीवर त्यांचा पाय थबकला.

पुढून बघणाऱ्याला तो रिळागणिक लहान होत होता. पुढून. पलीकडच्या बाजूला मात्र त्या एकट्याच बसल्या होत्या.

“बाई? बरं वाटत नाहीये का?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “घरी जायला हवं.”

८

पाच वाजून गेले होते. घरात लख्ख ऊन होतं. बहीण पुस्तकं बदलायला वाचनालयात गेली होती. तशी चिठ्ठी तिने मेजावर ठेवली होती.

मागच्या खोलीतून पांढरा उजेड येत होता. टेबलाची वायर जमिनीवर, उपटून ठेवली होती तिथेच पडलेली होती, आणि टेबलाची काच पेटलेली होती.

पळून जाता आलं असतं. दार चार पावलांवर होतं, खाली रस्त्यावर माणसं होती. बाईंनी उशी खुर्चीवर ठेवली, पाठ ताठ केली आणि टेबलाशी बसल्या. स्वतःच्या टेबलाला पाठ दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

दुधी काचेवर खालून दोन सावल्या पडल्या. लांब, सरळ, टोकाशी केसाएवढ्या तुटलेल्या. दिवा खाली होता. म्हणजे सावलीचा धनी दिवा आणि काच यांच्या मधे होता, जिथे वीतभरही जागा नव्हती. सावल्या हळूहळू मोठ्या झाल्या. मग काचेवर आतून वाफेचा एक गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला.

“ये,” बाई म्हणाल्या. आवाज स्टुडिओतलाच निघाला. “आलायस तर नीट ये. आणि हलू नकोस.”

त्यांनी कोरा कागद काचेवर लावला. पेन्सिल घेतली. खालून काहीतरी काचेला टेकलं आणि कागदावर उमटू लागलं. आधी नाक, मग ओठाची फट. बाईंना काही योजावं लागलं नाही, ठरवावं लागलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं जे तोंड जमलं नव्हतं ते समोर होतं आणि फक्त गिरवायचं होतं. त्या गिरवत गेल्या. हे कसं आपल्याला सुचलं नाही, असं त्यांना वाटत राहिलं. किती साधं होतं, आणि किती ओळखीचं. डोळे काढताना त्यांना रडू आलं. आनंदाने आलं, आणि ते पुसायला त्या थांबल्या नाहीत.

शेवटची रेघ झाली तेव्हा खालून काचेवर टकटक झाली. एकदाच, बारीकशी.

“दाखवते, दाखवते,” बाई म्हणाल्या. चित्र पालथं घालायची त्यांच्या हाताला जुनी सवय होती. त्यांनी कागद उचलला, उलटा केला आणि काचेवर पालथा ठेवला, त्याला त्याच्या बाजूने दिसावं म्हणून. मग हात मांडीवर ठेवून त्या थांबल्या. बक्षिसं देणाऱ्यांसमोर, मंत्र्यासंत्र्यांसमोर, हजार माणसांच्या थिएटरमध्ये त्यांना कधी कुणाच्या पसंतीची फिकीर वाटली नव्हती. आज त्या कान देऊन वाट बघत होत्या.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग काचेखालून आवाज येऊ लागला. खस, खस, खस. न थांबता, एका लयीत. तो आवाज बाईंना झोपेतही ओळखता आला असता. कागदावर रबर चालत होतं.

बाईंच्या हनुवटीला गार लागलं.

त्यांनी हात वर नेला. बोटं हनुवटीवरून जरा वर सरकली, ओठ असायला हवेत तिथे गेली आणि पटकन मागे आली. खस, खस. गारवा हळूहळू वर सरकत होता.

पुढच्या दाराची कडी वाजली. पिशवी ठेवल्याचा आवाज आला, मग चपला काढल्याचा.

“ताई? आलीस?” बहिणीची पावलं मागच्या खोलीच्या दाराशी येऊन थांबली. “अगं बाई! चित्र काढतेयस? खरंच?” तिचा आवाज आनंदाने फुलला. “धाकट्याचं काढतेयस ना? मला माहीत होतं, एक ना एक दिवस काढणार तू. दाखव ना.”

बाईंना ‘थांब’ म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही.

“ताई, इकडे बघ ना. ताई?”

उन्हाचा पट्टा टेबलापर्यंत आला होता. दाराकडे पाठ करून बाई ताठ बसून राहिल्या. अर्धवट काम त्यांनी आजवर कुणालाच दाखवलं नव्हतं.